बेधडक अंकल

पद्माकर नेरूरकर एकवीस वर्षं बोटीवर होते. बोटीच्या इंजिनरूममध्ये नवा चढलेला पोरगा 'पाच साब' असतो. मग तो चार साब होतो, तीन साब होतो, आणि आकडे असे उतरत उतरत संपले की एक दिवस 'बडे साब' होतो, म्हणजे चीफ इंजिनीयर. नेरूरकर आठ वर्षं बडे साब होते. त्या आठ वर्षांत त्यांना कुणी 'असं नको, तसं करा' म्हटलं नव्हतं. कॅप्टनसुद्धा आधी चहा पाजायचा आणि मग विषय काढायचा. अशा माणसाचं डोकं ठिकाणावर राहणं अवघडच, आणि नेरूरकरांचं ते राहिलंही नव्हतं, पण माणूस वाईट नव्हता.

कंपनी सिंगापूरची, म्हणून बिऱ्हाडही सिंगापूरला. आंग मो किओच्या एका ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर बायको संजीवनी आणि मुलगी गार्गी राहायच्या. नेरूरकर सात महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. संजीवनीने नवऱ्यावाचून संसार चालवायचं तंत्र इतकं सुरेख बसवलं होतं की नवरा आला की घोटाळा व्हायचा. आल्या आल्या ते स्वयंपाकघराची पाहणी करत, गॅसच्या नळीवर बोट फिरवून ते बोट तिला दाखवत आणि पंख्याचा आवाज कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकत. संजीवनी दिवस मोजायची. जाण्याचे की येण्याचे, ते तिने कधी स्पष्ट केलं नाही.

१९९६ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिघं पोहे खात होती. फोन वाजला. अकरा वर्षांच्या गार्गीने उचलला, थोडं ऐकलं आणि सफाईने, सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "माय फादर नॉट इन लाह. ही ऑन शिप." फोन ठेवून ती परत पोह्यांशी आली, तर समोर दोन हातांच्या अंतरावर बाप लिंबू पिळत बसलेला. तिने जीभ चावली आणि म्हणाली, "सॉरी बाबा. आय फरगॉट."

नेरूरकर सुट्टीवर येऊन पाच आठवडे झाले होते. पोरीने मुद्दाम केलं असतं तर त्यांनी एक फटका ठेवून दिला असता आणि विषय मिटला असता. पण ती खरंच विसरली होती. ते त्यांना फार लागलं. पोहे तसेच राहिले, आणि दुपारी त्यांनी जाहीर केलं की आता समुद्र बंद, नोकरी जमिनीवर करायची. संजीवनीने आधी बोटीवर काही भानगड झाली का ते विचारलं. मग "म्हणजे आता रोज घरी?" असं विचारलं.

तो फोन होता श्रीनिवासचा. श्रीनिवास शिपिंग कंपनीत माणसं भरायचं काम बघायचा आणि नेरूरकरांचा जुना दोस्त होता. नेरूरकरांनी उलट फोन केला तेव्हा बडे साबांचा बेत ऐकून तो पोट धरून हसला. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार तुम्हाला, असं त्याने मित्राच्या हक्काने विचारलं. मग म्हणाला, की एक बोट तुआसच्या गोदीत दुरुस्तीला येतेय, डिसेंबरात निघेल; तोवर करा काय हौस करायची ती, नाही जमलं तर या बोटीवर चढा. नेरूरकर तेव्हा "बघू" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं की त्या बोटीवर आपण चढायचं नाही.

नोकरी मिळाली ती घरापासून बसने चार थांब्यांवर, आंग मो किओच्याच औद्योगिक वसाहतीत. कारखाना कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे हेड बनवायचा. हेड म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा. नेरूरकरांनी घरी सांगताना त्याचं सरळ भाषांतर केलं, "डोकी बनवतात." मुलाखत घेणारा एडविन टेओ एकतीस वर्षांचा होता आणि तोच त्यांचा साहेब होणार होता. त्याने विचारलं, की जहाजाच्या माणसाला आमच्या कारखान्यात काय कळणार? नेरूरकरांनी सांगितलं, की तुमच्याकडे गार हवा करणारी यंत्रं आहेत, पंप आहेत, पंखे आहेत. आमच्याकडेही हेच असतं, फक्त भर समुद्रात बिघडलं तर दुरुस्तीवाला बोलावता येत नाही. एडविनला हे आवडलं. त्याने सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. नोव्हेंबरअखेर कन्फर्म केलं तर राहायचं, नाहीतर निरोपाचं पत्र.

पहिल्या दिवशी छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यावर लिहिलं होतं 'पॅडी'. पद्माकर हे नाव एडविनच्या जिभेला झेपत नव्हतं म्हणून त्याने स्वतःच सोय केली होती. पॅडी म्हणजे भात. नेरूरला त्यांच्या घरची भाताची चार खाचरं होती, पण उतारवयाकडे झुकताना आपणच भात होऊ, असं त्यांच्या पत्रिकेत कुणी वर्तवलं नव्हतं. ज्यांना बिल्ला वाचायचा कंटाळा यायचा ते नुसतं 'अंकल' म्हणायचे.

पहिले दोन महिने त्यांना गच्चीवरच्या यंत्रांपाशीच ठेवलं. तिथे ते खूश होते. ऑगस्टपासून खाली क्लीन रूममध्ये जायचा पास मिळाला. क्लीन रूम म्हणजे जिथे डोकी बनतात ती जागा. तिथे धुळीचा कण चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, नुसते डोळे उघडे. हवेतले कण मोजणारी यंत्रं ठिकठिकाणी बसवलेली, आणि आकडा शंभराच्या वर गेला की लाल दिवा. आत चाळीस बायका सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायच्या. निम्म्या मलेशियातून आलेल्या, निम्म्या इथल्याच. चार नंबरच्या विभागाची मुख्य होती रोहाया, पस्तिशीची मलाय बाई, अकरा वर्षं तिथेच, आणि मोजकंच बोलणारी.

दाराशी नियमांची पाटी होती. त्यात एक नियम होता: सौंदर्यप्रसाधनं मना. लिपस्टिक, मस्कारा, फेस पावडर, हेअर स्प्रे. नेरूरकरांनी पाटी दोनदा वाचली, नियम फार योग्य आहे असं एडविनला सांगितलं, आणि बायकांकडून तो नीट पाळला जातो का, असंही विचारलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बोटीच्या इंजिनरूममध्ये पंचेचाळीस डिग्री असतं. तिथे घामोळं न उठलेला माणूस अजून जन्मायचाय. नेरूरकरांनी पाच साब असल्यापासून त्यावर एकच इलाज धरला होता. आंघोळ झाली की घामोळ्यांच्या पावडरचा डबा मानेवर उपडा करायचा, मग काखेत, मग छातीवर, आणि कामाच्या हातमोज्यांतही दोन-दोन चिमटी टाकायच्या, म्हणजे हात घामाने चिकटत नाहीत. दर खेपेला ते दादरहून डझनभर डबे आणत. त्यांच्या घरी बाथरूमपासून पलंगापर्यंत पांढरी पावलं उमटलेली असायची आणि संजीवनी मागून फडकं घेऊन फिरायची. लग्नापासून तिने नवऱ्याची मान पांढरीच पाहिली होती. तिला तो त्यांचा रंगच वाटत असावा.

क्लीन रूममध्ये वीस डिग्री होतं. घामोळं सोडा, तिथे घामही येत नव्हता. पण एकवीस वर्षांची सवय थर्मामीटर बघून चालत नाही. आणि पाटीवर लिहिलं होतं ते प्रसाधनांबद्दल. ही पावडर प्रसाधन नव्हती, औषध होतं. डब्यावर तसं छापलेलंही होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चार नंबरचा लाल दिवा लागायला लागला. आधी दिवसाला दोनदा, मग पाच-सहादा. डोकी बाद व्हायला लागली. शेजारी नव्या विभागाचं बांधकाम चालू होतं, सगळ्यांनी तिकडे बोट दाखवलं. तिकडून हवा येऊच शकत नाही हे सिद्ध झाल्यावर एडविनने नेरूरकरांना बोलावलं आणि हे काम त्यांच्यावर सोपवलं. कण कुठून येतात ते शोधा. शोधलंत तर कन्फर्म करायला मला दुसरं कारण लागणार नाही. न शोधल्यास काय, ते त्याने सांगितलं नाही, पण नेरूरकरांना तुआसची गोदी दिसली.

त्यांनी काम बोटीच्या शिस्तीने हाती घेतलं. लाल पुठ्ठ्याची वही केली. दर अर्ध्या तासाला आकडा, वेळ, आणि त्या वेळी कोण कुठे होतं ते, सगळं शाईने. छतावरच्या सगळ्या गाळण्या तपासल्या, दोन बदलल्या. हवेच्या वाहिन्यांत शिरून आले. दिवा पेटतच राहिला. मुख्य म्हणजे ते जिथे जास्त वेळ उभे राहून लक्ष ठेवायचे तिथेच जास्त पेटायचा. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की आपली नजर बरोबर जागी पडतेय.

उरल्या बायका. नेरूरकरांनी दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि फर्मान काढलं की आत जाण्यापूर्वी पर्समधली पावडरची डबी यात टाकायची आणि चेहरा साबणाने धुवायचा. स्वतः उभे राहून ते चेहरे तपासत. संशय आला की परत धुवायला पाठवत. रोहायाला त्यांनी एका आठवड्यात बारा वेळा परत पाठवलं, कारण तिच्या विभागात आकडा सगळ्यात जास्त होता. तिने तिसऱ्या खेपेला एवढंच सांगितलं, की मी तोंडाला काही लावत नाही. नेरूरकर म्हणाले, की असं सगळेच म्हणतात. तिच्या हाताखालच्या पोरी बघत होत्या. रोहाया जाऊन परत चेहरा धुऊन आली.

डबा ठेवला तो शुक्रवार. शनिवारपासून नेरूरकरांना ताप भरला आणि ते मंगळवारपर्यंत घरी होते. त्या चार दिवसांत दिवा एकदाही पेटला नाही. त्यांनी अंथरुणातूनच एडविनचं अभिनंदन स्वीकारलं आणि वहीत लिहिलं: 'डब्याचा परिणाम.' बुधवारी ते कामावर गेले आणि सात वेळा पेटला. यावर त्यांचं स्पष्टीकरण तयार होतं. आपण नसताना बायका धास्तावून नियम पाळत होत्या, आपण आल्यावर सैलावल्या. हे तर्कशास्त्र नेमकं कुठल्या शाळेत शिकवतात ते ठाऊक नाही, पण एडविनला ते पटलं.

घरी मात्र त्यांची कॉलर ताठ होती. एक दिवस जेवताना त्यांनी संजीवनीला सांगितलं, की कारखान्यातल्या पोरी आपल्याला फार मानतात. अंकल म्हणतातच, पण मागून वेगळं नाव आहे. एकदा ते वळले तेव्हा त्यांनी कानांनी ऐकलं होतं: बेधडक अंकल. मलाय भाषेत बरेच शब्द आपल्यासारखे असतात, हाही तसाच असणार. धाडसी माणूस कुठेही ओळखू येतो, असं म्हणून त्यांनी वरण वाढून घेतलं. संजीवनीने मान डोलावली. लग्नाला पंधरा वर्षं झाली की बाई अशा जागी मान डोलावते.

नोव्हेंबरच्या मध्यावर एडविनने निर्णय घेतला. चार नंबरमध्ये शिस्त नाही, तर तिथली मुख्यच बदलायची. रोहायाला पॅकिंगमध्ये पाठवायचं, पत्र शुक्रवारी द्यायचं. आणि त्याच बैठकीत पॅडीला कन्फर्म करायचं, कारण कणांचं मूळ सापडलं. एडविनने बुधवारी हे नेरूरकरांच्या कानावर घातलं. नेरूरकर मुद्दाम लिटल इंडियापर्यंत जाऊन पेढे घेऊन घरी आले.

गार्गी अभ्यासाला बसली होती. शाळेत तिला दुसरी भाषा मलाय होती. तिची वहीतली खरडाखरड बघून बापाला हुक्की आली आणि त्यांनी विचारलं, की बाई, मलाय भाषेत बेधडक म्हणजे नक्की काय ते सांग बघू. तिला कळेना. त्यांनी पोरींनी म्हटलं होतं तसं म्हणून दाखवलं. गार्गी हसून खुर्चीवरून घसरायची राहिली.

"बेडाक, बाबा. बेडाक. मीन्स पावडर लाह. दे कॉलिंग यू पावडर अंकल."

नेरूरकरांना थोडं लागलं, पण समजलं. आपण त्यांच्या पावडरी जप्त करतो म्हणून चिडवत असणार. तसं ते म्हणाले. गार्गीने पेन्सिल ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "नो. बिकॉज यू. युअर नेक ऑल व्हाइट, बाबा. एव्हरी डे. माय फ्रेंड्स ऑल्सो सी."

नेरूरकरांचा हात मानेवर गेला. बोटं पांढरी झाली. मग त्यांना आठवलं की ते नाव त्यांनी ऐकलं होतं क्लीन रूममधल्या पहिल्याच आठवड्यात. बिस्किटांचा डबा तर त्यानंतर महिन्याने आला होता.

ते उठले आणि लाल वही काढली. एकवीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसाला आता वेळ लागला नाही. ज्या ज्या वेळी दिवा पेटला होता, त्या त्या वेळी 'कोण कुठे होतं' या रकान्यात एक नाव न चुकता होतं, आणि अक्षरही त्याच माणसाचं होतं. तापाचे चार दिवस कोरे होते. तीन महिने ते चोराच्या मागे होते आणि चोर वही लिहीत होता.

तरीही इंजिनीयर म्हटला की पुरावा हवा. गुरुवारी सकाळी ते पावडर न लावता गेले, जन्मात पहिल्यांदा. फेरी झाली, दिवा शांत. दुपारी संडासात जाऊन डबा मानेवर उपडा केला, मोज्यांत चिमटी टाकल्या आणि परत आत गेले. चार नंबरच्या यंत्राने नऊशेचा आकडा दाखवला. रोहायाने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलून आधी दिव्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघितलं, आणि परत कामाला लागली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता वाट सरळ होती, आणि तीच तर पंचाईत होती. पावडर बंद करायची आणि गप्प बसायचं. उद्यापासून दिवा पेटणार नाही. सगळे म्हणणार, रोहायाला हलवलं आणि प्रश्न सुटला. पॅडी कन्फर्म. कुणाला काही कळणार नाही. रोहायाला कळेल, पण ती बोलत नाही. आणि बोललो तर कोण कन्फर्म करणार अशा माणसाला, ज्याने तीन महिने स्वतःलाच शोधलं? मग डिसेंबर, तुआस आणि बोट. श्रीनिवासने शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंच होतं.

संध्याकाळी त्यांनी संजीवनीला सगळं सांगितलं. तिने आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, की मला तुम्ही घरी हवे आहात, हे मी आजवर बोलले नाही कारण बोलून उपयोग नव्हता. या सहा महिन्यांत तुम्ही रोज संध्याकाळी घरी येता त्याची मला सवय झालीये. नेरूरकरांना वाटलं, झालं, हिने गप्प बसायला सांगितलं. तेवढ्यात ती पुढे बोलली.

"पण त्या बाईचं काम घालवून तोंड पाडून घरात बसलेला माणूस मला नको. त्यापेक्षा बोटीवर बरा."

शुक्रवारी दहाला बैठक होती. एडविन, दर्जा बघणाऱ्या मॅडम लिम, आणि बाहेर खुर्चीवर थांबवलेली रोहाया. पत्र टेबलावर तयार होतं. नेरूरकरांनी एडविनच्या हातात एक कागद दिला. बोटीवर चूक झाली की ती शाईने लिहायची आणि खाली सही करायची, खाडाखोड नाही, ही त्यांची रीत. कागदावर लिहिलं होतं: कणांचा उगम, फॅसिलिटी इंजिनीयर पी. नेरूरकर. पदार्थ, घामोळ्यांची पावडर. प्रमाण, रोज अंदाजे तीन मोठे चमचे. ठिकाणं, मान, काख, छाती, हातमोजे.

एडविनने ते दोनदा वाचलं. मग कण मोजायचं हातातलं यंत्र मागवलं आणि नेरूरकरांच्या कॉलरपाशी धरलं. सकाळी आंघोळ करूनही कॉलरच्या शिवणीत जुना साठा होता. यंत्र किंचाळलं. मॅडम लिमनी रुमाल तोंडाला लावला. त्यांना वाटत होतं ती पांढरी मान धर्माचा भाग आहे, म्हणून त्या इतके दिवस आदराने गप्प होत्या.

एडविनने रोहायाला आत बोलावलं आणि विचारलं, की तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?

"हाऊ टू से?" रोहाया म्हणाली. "ही अंकल." मग तिने एडविनकडे बघितलं. "यू ऑल्सो सी. यू ऑल्सो नेव्हर से."

एडविन लाल झाला. त्याने ती मान मुलाखतीच्या दिवशीच पाहिली होती. वडीलधाऱ्या माणसाला असलं काही सांगायचं कसं, म्हणून तोही गप्प बसला होता. म्हणजे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. नेरूरकरांच्या मनात आलं, बोटींवरही माहीत असणार. एकवीस वर्षं पाच साबापासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांनी ही मान पाहिली आणि एकाची छाती झाली नाही. त्यांना संताप आला, शरम वाटली, आणि मग एकदम फार एकटं वाटलं. इतक्या वर्षांत खरं सांगणारं माणूस एकच निघालं आणि ते सहावीत होतं.

रोहायाचं पत्र एडविनने फाइलमध्ये सरकवलं. पॅडीच्या बाबतीत मात्र तो अडला. ग्राहकाचे तपासनीस महिनाअखेरीस यायचे होते. हा माणूस आत गेला तरी धोका नाही, अशी सही त्या विभागाच्या मुख्याची लागणार होती. विभाग चार नंबरचा. एडविनने फॉर्म रोहायाच्या हातात दिला आणि सांगितलं, एक आठवडा बघ. सही केलीस तर कन्फर्म, नाही केलीस तर नाही.

नेरूरकरांनी मनातल्या मनात सामान बांधलं. बारा वेळा तोंड धुवायला लावलेली बाई. तिच्या जागी ते असते तर फॉर्म त्याच बिस्किटांच्या डब्यात टाकला असता. श्रीनिवासला त्यांनी फोन करून आठवडाभर थांबायला सांगितलं. श्रीनिवास म्हणाला, थांबतो, पण बोट थांबत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी गार्गीकडून दोन शब्द शिकून घेतले. सोमवारी सकाळी चाळीस बायकांसमोर उभे राहून ते रोहायाला म्हणाले, "मिंता माफ." क्षमा मागतो. यातला 'माफ' हा शब्द आपल्याकडचाच, तो मात्र त्यांना बरोबर ऐकू आला होता. पोरी हसल्या. रोहाया हसली नाही. तिने "ओके" म्हटलं आणि कामाला लागली. त्यातून काही अर्थ काढता येत नव्हता.

मग आठवडाभर रोज सकाळी ते दाराशी उभे राहायचे आणि रोहाया नुसती एक नजर टाकून आत जायची. ते साबणाने दोनदा आंघोळ करायचे. संजीवनीने सगळे शर्ट उकळत्या पाण्यातून काढले आणि उरलेले नऊ डबे कचरा थेट तळाशी नेणाऱ्या भिंतीतल्या झडपेतून अकरा मजले खाली सोडले. दिवा पेटला नाही. फॉर्मवर सही झाली नाही.

शुक्रवारी सकाळी रोहाया दाराशी फॉर्म आणि पेन घेऊन थांबली होती. तिच्या मागे काचेपलीकडे पोरी सूट चढवता चढवता रेंगाळत होत्या.

"टर्न अराउंड, अंकल," ती म्हणाली.

नेरूरकर वळले. असं सांगितल्यावर वळायची त्यांना सवय नव्हती, पण ते वळले आणि मान खाली घातली. तिने कॉलर मागे ओढली. मग हातमोजा घातलेलं बोट त्यांच्या मानेवरून सावकाश फिरवलं, दोन्ही कानांमागे फिरवलं आणि दिव्यासमोर धरून बघितलं. त्यांना भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं.

"कॅन," रोहाया म्हणाली, म्हणजे चालेल, आणि त्यांना पेनाचा आवाज ऐकू आला.

नेरूरकर तसेच उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते घेऊन चाळीस बायकांकडे वळायची त्यांची तयारी नव्हती. मागून रोहायाने त्यांच्या पाठीवर फॉर्म टेकवून घडी घातली.

"स्टँड हिअर फॉर व्हॉट, अंकल? माय साइड एअर-कॉन नॉट कोल्ड. यू गो सी."

नेरूरकर मुकाट्याने गेले.